बर्फातलं बिऱ्हाड

कोजागिरीची रात्र होती. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवर सतरंजी पसरलेली, मधोमध आटीव दुधाचं पातेलं आणि पातेल्याशेजारी लॅपटॉप. पडद्यावरच्या एका चौकटीत टोकियोहून धाकटा भाऊ आणि त्याची बायको, दुसऱ्या चौकटीत नाशिकहून ताई आणि भावोजी. तिकडे टोकियोत मध्यरात्र उलटून गेली होती, पण कोजागिरीला जागायचंच असतं!

"दादा, जानेवारीत सगळ्यांनी इकडे यायचं. ह्या वेळी कारणं नकोत. पोरांना बर्फ दाखवू, स्कीइंग शिकवू," भाऊ म्हणाला आणि गच्चीवर एकच कल्ला झाला. राजस्थानात वाढलेल्या दादांच्या दोन्ही मुलांनी आजवर बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवर.

मोजदाद झाली. आजी, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं मिळून पाच. भाऊ, त्याची बायको आणि चार वर्षांचं पोर मिळून आठ. ताई आणि भावोजी धरून दहा. सर्वांत मोठं माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचं, सर्वांत लहान चार वर्षांचं.

कधी जायचं, हे लवकर ठरलं. डिसेंबरच्या अखेरीपासून ३ जानेवारीपर्यंत जपानमध्ये नववर्षाची सुट्टी असते. त्या दिवसांत खोल्या महाग आणि मिळायची मारामार. म्हणून २६ जानेवारीची सुट्टी जोडून जायचं पक्कं झालं. तेव्हा बर्फही भरपूर असतो. व्हिसाचे कागद, तिकिटं, लोकरीचे कपडे यांच्या याद्या झाल्या. घोडं पेंड खात होतं ते एकाच प्रश्नावर. राहायचं कुठे?

एका नावाची दोन गावं

या घराला मुक्कामाच्या बाबतीत एक धडा घरबसल्या मिळालेला होता. बँकेच्या बदलीने दादा पंचवीस वर्षांपूर्वी जयपूरला आले आणि शहराच्या पश्चिमेला, वैशालीनगर आणि झोटवाड्याच्या शेजारी असलेल्या खातीपुऱ्यात स्थिरावले. खाती म्हणजे राजस्थानी बोलीत सुतार. पण खातीपुरा नावाचं रेल्वे स्टेशन आहे ते शहराच्या पूर्वेला, जगतपुऱ्याच्या बाजूला, दिल्लीच्या मार्गावर! मागे साताऱ्याचे पाहुणे 'खातीपुरा' ही पाटी वाचून मोठ्या विश्वासाने तिथे उतरले. "आलो हो, पाच मिनिटांत पोचतो," असा त्यांचा फोन आला. दादांना अख्खं शहर ओलांडून त्यांना आणायला जावं लागलं.

म्हणूनच चौदा वर्षांच्या लेकीवर नकाशाचं काम सोपवलं गेलं. तिने पहिल्याच दिवशी एक चूक पकडली. भावोजींनी 'युझावा' इथली एक स्वस्त जागा शोधून पाठवली होती. ती निघाली अकिता प्रांतातल्या युझावा शहरात. स्कीइंगसाठी टोकियोची माणसं जातात ते निगाता प्रांतातलं एचिगो-युझावा. दोन्हींत कित्येक तासांचं अंतर! होक्काइदो बेटावरच्या प्रसिद्ध निसेकोचंही तसंच. तिथली सर्वांत गजबजलेली हिराफूची उतरण कुच्चान नावाच्या गावाच्या हद्दीत येते, निसेको गाव वेगळं आणि त्याचं स्टेशन आणखी वेगळं. नावावर भाळून पैसे भरले की पाहुण्यांचा सातारा-खातीपुरा व्हायला वेळ लागत नाही.

जपानचं कोकण

एवढा बर्फ जपानमध्ये पडतो तरी कसा? मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे समुद्रावरून येणारं पावसाळी वारं सह्याद्रीला थडकतं, कोकण आणि घाटमाथा झोडपून काढतं आणि पलीकडे देशावर मात्र पाऊस रोडावतो. जपानात हिवाळ्यात नेमकं हेच घडतं. सैबेरियाकडून येणारं गार वारं जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प उचलतं, देशाच्या मधल्या डोंगररांगांना अडतं आणि पश्चिमेकडच्या उतारावर बर्फाचे ढीग ओततं. टोकियो पडलं पलीकडे, म्हणजे 'देशावर'. तिथे त्याच दिवसांत लख्ख ऊन असतं. एचिगो-युझावा या बर्फाच्या कोकणात वसलेलं आहे. नोबेल पारितोषिक विजेते यासुनारी कावाबाता यांच्या 'युकिगुनी' म्हणजे 'हिमप्रदेश' या कादंबरीची पार्श्वभूमी याच गावाची.

निसेकोला जायचं तर टोकियोहून पुन्हा विमान आणि मग बसचा लांब प्रवास. हाकुबाच्या उतरणींवर १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या शर्यती झाल्या होत्या, पण नागानोपर्यंत शिंकान्सेन आणि पुढे तासाभराची बस. त्या मानाने एचिगो-युझावा टोकियोहून शिंकान्सेनने जेमतेम सव्वा ते दीड तासावर. तिथून जवळच गाला-युझावा हे १९९०च्या डिसेंबरात सुरू झालेलं, फक्त बर्फाच्या मोसमात चालणारं स्टेशन आहे. गाडीतून उतरायचं, त्याच इमारतीत भाड्याने कपडे, बूट आणि स्की घ्यायच्या आणि तिथूनच गोंडोल्यात बसून वर जायचं.

आजींसाठी आणखी एक जमेची बाजू होती. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. वयस्कर माणसाला तिथे धाप लागण्याची भीती. युझावा गाव साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि गालाचा माथाही बाराशे मीटरच्या आत, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा ठेंगणा! गाव ठरलं.

तीन दारं

आता छप्पर. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला मराठी मंडळींची चांगली वस्ती आहे. २०१९ मध्ये याच एदोगावातून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. भाऊ तिथेच राहतो. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून तीन पर्याय आणले.

पहिला, मोठं हॉटेल. पलंग, लिफ्ट, सकाळी भरगच्च नाश्ता. पण खोल्या दोघा-तिघांच्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर मिळायची शक्यता. दहा जण एकत्र बसणार कुठे? चार दिवस एकमेकांना फोनवर शोधण्यात जायचे.

दुसरा, अख्खं घर भाड्याने. बैठकीची खोली, कपडे धुण्याचं यंत्र, स्वयंपाकघर. भाडं घराचं असल्याने माणसं जास्त तितकं ते स्वस्त. अशा घरांसाठी जपानमध्ये २०१८च्या जूनपासून कायदा आहे. त्याखाली चालणाऱ्या घराला नोंदणी क्रमांक लागतो आणि वर्षातून जास्तीत जास्त १८० दिवसच ते पाहुण्यांना देता येतं. क्रमांक नसलेल्या घराच्या वाटेला जाऊ नये. घरं बहुधा स्टेशनपासून लांब, त्यामुळे गाडी हवी आणि बर्फातल्या रस्त्यावर ती चालवायची सवयही हवी.

तिसरा, एखाद्या कुटुंबाने चालवलेली खाणावळवजा सराई. साध्या सराईला तिकडे 'मिन्शुकु' म्हणतात, त्याहून थाटाची ती 'र्योकान' आणि पलंगाच्या खोल्या असलेली 'पेन्शन'. इथे भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. खोल्यांत ततामी, म्हणजे गवताच्या जाड चटया. खोलीचं मापही चटयांतच सांगतात. एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट, त्यामुळे दहा चटयांच्या खोलीत चार-पाच गाद्या आरामात मावतात. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळायच्या. आपल्याकडे लग्नघरात असतं तसंच!

'घरच्यासारखं'

मत घेतलं तर घराच्या बाजूने जवळजवळ सगळे हात वर झाले.

"घरच घेऊ," भावोजी खुशीत म्हणाले. "घरच्यासारखं राहू. सकाळी पोहे, रात्री पिठलं-भात आणि खिडकीबाहेर बर्फ! आईंच्या जेवणाचाही प्रश्न मिटला."

वहिनी काही बोलल्या नाहीत. दूध ओतता ओतता त्यांचा हिशोब मनातल्या मनात होऊन गेला होता. पाच दिवस, दिवसाला तीन वेळा, दहा पानं. म्हणजे दीडशे पानं. काही वर्षांपूर्वी असाच महाबळेश्वरला बंगला घेतला होता. सगळ्यांना तिथले पॉइंट आठवतात. वहिनींना आठवते ती ओट्यासमोरची खिडकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी मटार सोलत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी राहते इथेच. माझे गुडघे, माझं खाणं. मी नसले की तुम्हांला कुठेही राहता येईल."

वहिनींना क्षणभर हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या हातातलं काम टाकून आजींसमोर येऊन बसल्या.

"आई, तुमच्या दोन घास भाताचं मला काहीच नाही. पण सगळ्यांना तिथेही घर हवंय. आणि घर म्हणजे मी. मला पण बर्फ बघायचाय हो."

आजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुझे सासरे मला काशीला घेऊन गेले होते. बरोबर सासू, दीर, नणंदा, चौदा माणसं. धर्मशाळेत उतरलो. मी आपली स्टोव्ह पेटवत बसले. घाट पाहिला तो परत निघताना. तेव्हा सांगायचं धाडस नव्हतं. तू सांगितलंस, बरं केलंस."

संध्याकाळी लॅपटॉपसमोर आजी स्वतः बसल्या. "ऐका रे," त्या म्हणाल्या, "मी येणार आहे. पण एका अटीवर. या घरातलं लाटणं जपानला येणार नाही. ज्याला पोळी हवी असेल त्याने आपली आपण लाटावी."

दोन्ही चौकटींत शांतता पसरली. मग ताईच मोठ्याने हसल्या. "आई, हे तू माझ्या लग्नाआधी सांगायला हवं होतंस!" भावोजींनी घराचा हट्ट सोडला.

आधी विचारलेलं बरं

सराई ठरली, पण घाईत नाही. धाकट्या जावेला जपानी बऱ्यापैकी येतं. तिने वहीत प्रश्न लिहून काढले आणि दोन-तीन ठिकाणी फोन केले.

पहिला प्रश्न जेवणाचा. 'आम्ही शाकाहारी' एवढं सांगून तिकडे भागत नाही. ताटात मासा नसला, तरी सुकवलेल्या माशाचं पाणी, ज्याला 'दाशी' म्हणतात, ते सूपमध्ये आणि भाजीतही असतं. म्हणून काय चालतं, काय चालत नाही, हे एकेक करून सांगावं लागतं. एका ठिकाणी सरळ नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणची मालकीणबाई म्हणाली, "तीन जणांसाठी भात, टोफू, वाफवलेल्या भाज्या आणि फळं देऊ शकेन. पण चारही दिवस साधारण तेच असेल. चालेल का?" सगळं जमवतो म्हणून वेळेवर हात वर करणाऱ्यापेक्षा असं प्रामाणिक उत्तर केव्हाही बरं. आजी म्हणाल्या, "भात गरम असला की झालं. मेतकूट आणि लोणचं मी घेते."

दुसरा प्रश्न झोपण्याचा. ततामीवरून उठणं आजींच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. सराईत पलंगाची एकच खोली होती, तीही तळमजल्यावर, संडासाला लागून. ती आजींना. त्यांच्या सोबतीला नात.

तिसरा प्रश्न कुणाच्याच ध्यानात आला नसता. आजींच्या कपाळावर आणि हातावर गोंदण आहे, लहानपणी माहेरी काढलेलं. जपानच्या गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरांत अंगावर गोंदलेल्या माणसाला पुष्कळदा प्रवेश नाकारतात. तिकडच्या गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेतात, त्यावरून पडलेली ही रीत. शिवाय तिथे बायका-पुरुषांची न्हाणीघरं वेगळी असली, तरी आत कपडे न घालताच उतरायचं असतं. हे ऐकून ताई आणि वहिनी दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले! जावेने संकोचत विचारलं. मालकीणबाईंनी उपाय सांगितला. एक लहान न्हाणीघर ठरावीक वेळ घरच्या माणसांपुरतं, आतून कडी लावून वापरता येईल. अशी सोय पुष्कळ सरायांत असते, फक्त आधी विचारून वेळ बांधून घ्यावी लागते.

मग पैशांचा हिशोब. भाडं माणशी असल्याने मुलांचा दर विचारून घ्यायला हवा. चार वर्षांच्या पोराला वेगळी गादी आणि जेवण नको असेल, तर आकार बराच कमी होतो. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मोठ्या माणसाला दिवसाला बहुधा १५० येन स्नानाचा कर वेगळा पडतो. खोली रद्द केली तर किती पैसे कापणार, हे लेखी मागवलं. प्रवासाच्या विम्यात स्कीइंगचा अपघात धरलेला आहे का, हे दादांनी तपासलं. धरलेला नव्हता. जास्तीचा हप्ता भरून तो घालून घेतला.

बोगद्यापलीकडे

टोकियोतल्या लख्ख उन्हात गाडी सुटली. तासाभराने ती दाई-शिमिझु बोगद्यात शिरली. बावीस किलोमीटर लांबीचा बोगदा तो. मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. अंधार संपला आणि सगळा डबा एकदम उजळला. बाहेर छपरांवर, तारांवर, झाडांवर, जिकडेतिकडे बर्फ. नऊ वर्षांचा मुलगा इतकंच म्हणाला, "आई, हा खरा आहे?"

सगळंच काही गोडीगुलाबीने पार पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळी वर रमली आणि परतायला पाऊण तास उशीर झाला. सराईत रात्रीचं जेवण साडेसहाला म्हणजे साडेसहालाच. मालकीणबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, पण निवलेली ताटं पाहून सगळ्यांनाच खजील झालं. तिसऱ्या दिवसापासून घड्याळाचं काम नातीकडे गेलं. चौथ्या दिवशी टोफू बघून भावोजींनी असा सुस्कारा सोडला, की ताईंनी त्यांना आपलं लोणचं देऊ केलं. ओले बूट आणि मोजे वाळवायला सराईत गरम हवेची वेगळी खोली होती. घर घेतलं असतं, तर तेही वाळवत कुणाला बसावं लागलं असतं, हे सांगायची गरज नव्हती.

आजींनी पहिल्या रात्री आपल्या भातावर मेतकूट भुरभुरवलं. जपानी तांदूळ चिकट, आपल्या मऊ भाताच्या जवळचा. मालकीणबाईंनी कुतूहलाने वास घेतला, बोटावर चिमूटभर घेऊन चाखला आणि दुसऱ्या दिवसापासून आजींचा भात आणखी मऊ शिजून येऊ लागला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी काही अडलं नाही.

आणि वहिनी? भाड्याचा निळा पोशाख चढवून त्या शिकाऊ उतरणीवर उभ्या राहिल्या. दोन पावलांत पडल्या. उठल्या, पुन्हा पडल्या. आजी गोंडोल्यातून वर आल्या होत्या, त्या काचेआडून हे बघत होत्या. सातव्यांदा की आठव्यांदा वहिनी पंधरा-वीस फूट सरळ घसरत गेल्या, न पडता. खाली पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा आजी काचेपलीकडे दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

शेवटच्या रात्री दहाही जण मोठ्या ततामीच्या खोलीत जमले. गाद्या घातलेल्या, पोरं आडवीतिडवी पसरलेली, बाहेर संथपणे बर्फ पडत होता. कुणीतरी पत्ते काढले. कुणालाही उठून चहा टाकायचा नव्हता. 'घरच्यासारखं' म्हणजे काय, याचा अर्थ त्या खोलीत प्रत्येकाला निराळा लागला असेल. वहिनींना तो पहिल्यांदाच लागला.

परतल्यावर खातीपुऱ्यातल्या ओट्यावर लाटणं आपल्या जागी होतं. यंदाच्या कोजागिरीला ताई आणि भावोजी जयपूरला येणार आहेत. परवा फोनवर आजींनी सहज विचारलं, "दूध कोण आटवणार?"

"मी आटवतो," भावोजी म्हणाले. "फक्त साखर किती घालायची, ते वहिनींनी सांगावं."

"बसून सांगेल," आजी म्हणाल्या.